सुलूच्या स्वेटरवरच्या बिया

कौस्तुभचा गुरुग्रामहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकू, आत्या गेली… सकाळी, झोपेतच." मी नुसतं "अच्छा" म्हणाले. फोन ठेवला आणि उरलेली मेथीही निवडून टाकली.

त्याची आत्या म्हणजे आमच्या वसुधाताई. दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. नोकरी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या सरकारी संग्रहात. डोंगरातून आणलेली रोपं त्या रद्दीत दाबून ठेवायच्या आणि ओलसर झालेला कागद रोज बदलायच्या. आमचा पेपर वाचून होण्याआधीच वर जायचा, म्हणून आमचे हे कुरकुरायचे. ताईंचा एक नियम होता. एकटं रोप दिसलं तर त्याला हात लावायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी हौसेने मीही त्यांच्याबरोबर उत्तराखंडात, चक्रात्याच्या वरच्या डोंगरात गेले. एका उतारावर लॉपसीड नावाचं एक रानरोप दिसलं. फुलं झडलेली, बिया देठाला चिकटून खाली मान घातलेल्या. ताई कितीतरी वेळ आजूबाजूला शोधत राहिल्या, दुसरं सापडेना. माझे गुडघे बोलायला लागले होते. "घ्या हो ताई, पुन्हा कोण चढतंय इथे!" मी वैतागून म्हणाले. त्यांनी ते मुळासकट घेतलं… माझ्यामुळे घेतलं.

उतरताना त्यांना माझ्या स्वेटरला अडकलेल्या बिया दिसल्या. बारीक आकडे असतात त्यांना. रोपावर राहिलेल्या कोवळ्या होत्या, पिकलेल्या तेवढ्या माझ्या अंगावर. "राहू दे गं, उद्या सकाळी तिथेच पेरून येऊ," ताई म्हणाल्या. केवढ्या खुशीत होत्या! संध्याकाळी विश्रामगृहात शेगडीपुढे बसल्याबसल्या मी कुसळं वेचावीत तशा त्या वेचल्या आणि निखाऱ्यांत टाकल्या. सवयीचा हात, दुसरं काय. सकाळी खोटं बोलले, "वाटेत गळल्या असतील."

ताई रागावल्या नाहीत. दर वर्षी त्या उतारावर जाऊन यायच्या. "नाही दिसलं," म्हणायच्या, आणि मग, "सुलू, स्वेटर एकदा नीट बघ ना. एखादी राहिली असेल." मी म्हणायचे, "बिल्कुल बघते, ताई." ट्रंक कधी उघडली नाही. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या आठवड्यात कौस्तुभ एक जाड कागद घेऊन आला. "काकू, आत्याच्या कपाटात होता. तुमचं नाव आहे यावर." तेच रोप, वाळून तपकिरी झालेलं. ताईंनी ते ऑफिसात कधी जमाच केलं नव्हतं. कोपऱ्यात बियांसाठी चिकटवलेली कागदी पुडी, रिकामी. तिच्यावर त्यांचं अक्षर: 'बिया – सुलूच्या स्वेटरवर.' आणि खाली पेन्सिलीने, वर्षामागून वर्ष, 'नाही', 'नाही', 'नाही'…

तेव्हापासून घरात कुठेही असले तरी ती पुडी मला दिसते. काल शेवटी ट्रंक उघडली. स्वेटर उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवत गेले. डाव्या काखेशी काहीतरी टोचलं.

एक होती.

मी ती पुडीत ठेवली. आता ही उगवेल का, हे विचारायला जिना चढून वर जायचं… तर वर दुसरीच माणसं राहतात.