मयताची गाडी

बुसोगातल्या त्या उसाच्या मुलखात नाइगागाचं नाव काढलं की लोकांना आधी मोठं पातेलं आठवायचं. कुणाकडे मयत झालं की मयतमंडळाची पातेली निघत आणि त्यांच्या मागोमाग नाइगागा. विधवा झाल्यापासून हेच तिचं काम. केळी वाफवायची, शेंगदाण्याचा रस्सा ढवळायचा, रडणाऱ्या बायकांना दटावून जेवायला बसवायचं. "आधी गिळा, मग रडा," ती म्हणे. मंडळाची वर्गणी तिनं कधी चुकवली नाही. त्याच वर्गणीतून ताडपत्री आली, खुर्च्या आल्या आणि गेल्या वर्षी शवपेटी न्यायची लांब गाडी आली.

मग तिच्या पायात उसाचं धसकट घुसलं. अंगात साखरेचा आजार, त्यामुळे जखम भरेना. पाय सुजून खांबासारखा झाला. नर्स म्हणाली, "याच आठवड्यात जिल्ह्याच्या इस्पितळात न्या, तर पाय राहील."

भाड्याच्या मोटारसायकलवर बसवलं, तर पाय खाली सोडताच ती किंचाळली. मोटारसायकलवाल्यानं हात जोडले. बस मोठ्या रस्त्यावर थांबायची, दलदलीपलीकडे. तिथवर जायलाच पाय हवा होता.

सून मुतेसीनं तिला माती वाहायच्या हातगाड्यात घालून मंडळाच्या बैठकीला नेलं. वडीलधाऱ्या पुरुषांपुढे बाईनं गुडघे टेकायचे, ही तिकडची रीत. नाइगागाला ते जमेना. ती चटईवर पाय लांब करून बसली आणि निम्म्या लोकांनी तोंड फिरवलं. वासामुळे की तिच्या तसं बसण्यामुळे, कोण जाणे.

अध्यक्ष बालिकोवा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. तो म्हणाला, "वहिनी, गाडी मयतांसाठी आहे. आज तुम्हाला नेलं तर उद्या शिंक आलेला माणूसही चढून बसेल."

"भावजी, मेल्यावर मला गाडी कशाला? माझा खड्डा माझ्याच केळीच्या बागेत, तुमच्या भावाशेजारी. माझ्या वाट्याची गाडी मला आत्ताच द्या."

कुणीतरी खुदकन हसलं.

"आणि इस्पितळातच वारलात तर?"

"मग न्यायला येणारच ना तुम्ही? तेव्हा येता, तर आत्ता का नाही?"

बालिकोवानं पुढचा विषय घेतला. मोडक्या खुर्च्यांचा.

आठवडा उलटला. मग हेडमास्तरांचा भाऊ त्याच इस्पितळात वारला आणि गाडी निघाली. मुतेसी रस्त्यात आडवी उभी राहिली.

"तिकडेच चाललात ना? मग आईंना घ्या!"

गाडीत नातेवाईक दाटीवाटीनं बसले होते. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे बघून बालिकोवा म्हणाला, "घ्या." पेटी ठेवायच्या जागी, लोकांच्या पायांमध्ये नाइगागाला आडवं केलं. हेडमास्तरांच्या बहिणीनं नाकाला रुमाल लावला. नाइगागानं खालूनच तिला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

डॉक्टरांनी पाय बघितला आणि मुतेसीवर खेकसले, "इतके दिवस काय करत होतात? आधी का नाही आणलं?"

"मेलं कुणी नव्हतं ना, डॉक्टर," मुतेसी म्हणाली.

पाय मांडीतून कापला.

पुढे दोन महिन्यांनी गावात पुन्हा मयत झालं. बालिकोवा स्वतः तिच्या अंगणात आला. "वहिनी, केळी बसूनच सोलायची असतात. तुम्ही नुसत्या चुलीपाशी असलात तरी बायकांना धीर येतो."

"येते की. गाडी पाठवा."

तो हसला. म्हातारी थट्टा करतेय असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाइगागा ठेवणीतले कपडे घालून, कंबरेला त्यांचा रुंद कापडी पट्टा बांधून सकाळपासून दारात बसली. दुपारी गाडी आली. पेटी घेऊन, धुरळा उडवत, तिच्या दारावरून निघून गेली. पलीकडून रडणं ऐकू येऊ लागलं.

"हातगाडा काढू का, आई?" मुतेसीनं विचारलं.

नाइगागानं पट्टा सोडला.

"नको. चूल पेटव. आपल्या दोघींपुरती केळी टाक."