बादची खुर्ची

फोन आला तेव्हा मी एका पेशंटचा आखडलेला खांदा मोकळा करत होते. नंबर कुडाळचा होता, म्हणून उचलला. "हे गेले," मोंडकर वहिनी म्हणाल्या, आणि लगेच, "तुम्ही कामात आहात का?" मी हो म्हटलं. "मग नंतर करते," म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. खांदा अर्धवट सोडता येत नाही. मी राहिलेला व्यायाम करून घेतला, हात धुतले आणि मग कुडाळला फोन लावला. याला आता दीड महिना होऊन गेला. सरांबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा आमची भांडणंच आठवतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मोंडकर सर इथे कुवेतला, सालमियातल्या एका भारतीय शाळेत पी. टी. शिकवायचे आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच होते. मी इथलीच फिजिओथेरपिस्ट. आखाती युद्धानंतर आपली माणसं पुन्हा कुवेतला येऊ लागली, त्या वर्षांत आम्ही दोघंही आलो. पहिल्या भेटीत ते एका मुलीला घेऊन आले होते, तिचा घोटा टम्म सुजला होता. मी सांगितलं, घरी झोपवा, पायाखाली उशी, काही आठवडे खेळ बंद. सर म्हणाले, "खेळ बंद, मान्य. घरी नाही. रोज ग्राउंडवर येईल आणि खुर्चीत बसेल." मी विचारलं, "कशाला, धूळ खायला?" तर म्हणाले, "बोलायला." मला वाटलं, माणूस चक्रम आहे. "डॉक्टरीणबाई, एकदा येऊन तरी बघा," असं ते म्हणाले, आणि मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, असं सुनावल्यावर त्या दिवसापासून मी त्यांची फिजिओबाई झाले.

बघायला गेले. सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉल ते पुस्तक वाचून शिकले होते, पण डोक्यातलं मैदान कबड्डीचंच. बचाव म्हणजे त्यांच्या लेखी साखळी. पाच मुलींना हातात हात धरून उभं करायचे आणि तशाच डावी-उजवीकडे सरकायला लावायचे. हात सोडून खेळायची वेळ आली तरी हात धरलाय असं समजून खेळायचं. एक पुढे गेली की शेजारणीने तिची जागा बुजवायची. आणि जी जखमी असेल तिने आपल्या बास्केटमागे खुर्ची टाकून बसायचं, कारण तिथून पाचही जणी दिसतात. फट दिसली की तिने ओरडायचं, "डावी कडी, डावी कडी!" केरळच्या, गोव्याच्या, मद्रासच्या मुली बिनदिक्कत मराठीत ओरडायच्या. शिवाय अशा मुलीला सर जखमी म्हणत नसत, 'बाद' म्हणत. कबड्डीत बाद झालेला गडी घरी जात नाही, रेषेबाहेर बसतो, आणि आपल्या माणसांनी समोरचा गडी मारला की परत आत येतो. म्हणून बाद.

मुलींनी त्याचा अर्थ भलताच घेतला होता, हे सरांना बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्यांची आपसातली भाषा हिंदी. हिंदीत बाद म्हणजे नंतर. इथल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत अरबी 'बादेन, बादेन' ऐकून कान किटतात, तेही नंतरच. सर ज्या मुलीला "तू बाद" म्हणत, ती समजे, आपण नंतर खेळणार. एकदा शायनी नावाची मुलगी दुसरीची समजूत काढताना त्यांनी ऐकली, "रो मत यार, सर ने बाद बोला है. आउट थोडी बोला है." त्या शुक्रवारी सर आमच्याकडे जेवायला होते. सांगताना हसून हसून त्यांनी ताट बाजूला सारलं. "इतकी वर्षं कबड्डी खेळलो, फिजिओबाई, बादचा हा अर्थ कुणी सांगितला नव्हता." मी म्हटलं, "मग आता सुधारा त्यांना." ते म्हणाले, "छे... त्यांचाच बरा आहे."

त्यांच्या गावची तीन-चार मुलं शुवैखच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करायची. त्यांनी सरांना एक भक्कम लोखंडी खुर्ची करून दिली आणि पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'बाद'. शुक्रवारी मॅच असली की ही मंडळी डब्यासकट हजर. बास्केटबॉलचे नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत, पण साखळी कळायची. "सुटली, सुटली... सर, तुमची साखळी सुटली!" असा त्यांचा आरडाओरडा. दुसऱ्या बाजूला पालकांचा. आमच्या घरी अविनाशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, एकच पालुपद. "सर, अडवून मॅच जिंकत नाहीत. आधी पोरींना बॉल टाकायला शिकवा." सर चहात खारी बुडवत म्हणायचे, "बॉल एकटी टाकते हो, अविनाशराव. अडवायला पाच लागतात." दोघांपैकी कुणीही हटायचं नाही, आणि मी दोघांनाही आणखी चहा द्यायची.

आमची मुक्ता या संघात होती आणि बॉल टाकण्यात सगळ्यांत सरस होती. अंतिम सामन्याच्या आधीच्या महिन्यात तिचा गुडघा पिरगळला. मी स्वतः तो बरा केला. सूज उतरली, ताकद आली, पळून झालं, उड्या मारून झाल्या. मग मी लिहून दिलं की पट्टा बांधून खेळायला हरकत नाही. आई म्हणून नाही, फिजिओ म्हणून दिलं. सामन्याच्या आदल्या दिवशी सरांनी तिला सरावात उतरवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मुक्ता, बाद."

मी ग्राउंडवरच होते. विचारलं, "माझ्या कागदाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे. गुडघा बरा आहे. पण ती त्याला जपतेय. उजवीकडे सरकताना थबकते."

"महिनाभर दुखलेला गुडघा कोणीही जपेल. दोन दिवसांत विसरेल."

"उद्या नाही विसरणार. साखळीत जी स्वतःला जपते ती शेजारणीचा हात सोडते. मग शेजारीण पडते."

"मम्मी, टेल हिम! आय ॲम फिट, यू सेड सो," मुक्ता रडवेली झाली होती. मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि खुर्ची उचलून बास्केटमागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुक्ता त्या खुर्चीत बसून घसा बसेपर्यंत ओरडली. मुलींनी समोरच्या संघाला जेरीस आणलं, पण टाकायला कुणी नव्हतं. थोडक्यात हरल्या. शाळेच्या कमिटीत अविनाशसारख्या विचारांचे पालक होते, त्यांना निमित्त मिळालं. फिजिओने परवानगी दिलेली मुलगी बसवून ठेवली, हा मुद्दा झाला. मला बोलावलं तेव्हा मी जे होतं ते सांगितलं, की परवानगी मी दिली होती, आणि कोण उतरेल ते ठरवणं कोचचं काम आहे. त्यांनी पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं. नव्या वर्षी संघ दुसऱ्याकडे गेला. सरांची पी. टी.ची नोकरी राहिली, पण जीव संघात होता, तो गेला. त्या निर्णयाबद्दल आम्ही पुढे कितीतरी वेळा भांडलो. ती खेळली असती तर गुडघ्याला काही झालं नसतं, असं मला आजही वाटतं. सरांना शेवटपर्यंत तसं वाटलं नाही. पण संघ गेला म्हणून त्यांनी मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. नवे कोच सराव घ्यायचे तेव्हा सर कधीकधी जाऊन त्या खुर्चीत बसायचे. ओरडायचे नाहीत.

पुढे मुक्ता शिकायला पुण्याला गेली. एका दुपारी सर माझ्या क्लिनिकमध्ये आले. वजन उतरलं होतं, काखेत स्कॅनचं पाकीट. म्हणाले, "डॉक्टर इंग्रजीत बोलले, घरी सगळे गोड बोलतात. तुम्ही वाचा." हे माझं काम नव्हे, तरी वाचलं. पोटातला आजार यकृतापर्यंत गेला होता. मी पाकीट बंद केलं. त्यांनी विचारलं, "बाद?"

मी हो म्हटलं.

"मराठीतलं की अरबीतलं?"

"मराठीतलं."

त्यांनी पाकीट पुन्हा काखेत घेतलं. "बरं झालं विचारलं. हिला मात्र अरबीतलंच सांगा."

"ते मला जमणार नाही, सर."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून हिला इकडे आणली नाही."

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून दोघं कुडाळला गेली. जायच्या आधी शुवैखची मुलं पिकअपमधून ती खुर्ची माझ्या क्लिनिकमध्ये उतरवून गेली. "सरांनी पाठवली, पेशंटला पाय टेकायला," एवढाच निरोप होता. सर गेले त्या दिवशी मी उलट फोन लावला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मला सगळं कळलं होतं हो. मुद्दाम तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही खरं सांगितलं असतं." मुक्ताला कळवलं तर ती म्हणाली, "मम्मी, मी थबकत होते तेव्हा. उजवीकडे." मी म्हटलं, असेल.

मागच्या आठवड्यात एक मल्याळी मुलगी आली होती, घोटा मुरगळलेला. वर्गाच्या संघात खेळते. सूज बघून मी सांगितलं, आता काही आठवडे खेळ नाही, तशी ती रडायला लागली. मी खुर्ची पुढे ओढली. तिची नजर पाठीवरच्या पांढऱ्या अक्षरांवर गेली. हिंदीच्या तासाला शिकलेली अक्षरं जुळवत तिने वाचलं, "बा... द." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मतलब, बाद में?"

"हाँ," मी म्हटलं, आणि तिचा पाय अलगद उचलून खुर्चीवर ठेवला.