पाच नंबरचा पलंग

"ढेकूण गादीत कमी अन् गादीच्या शेजारी जास्त राहतो," असं लीलाधरनाना एकदा म्हणाले होते.

योगेंद्रनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. अमळनेर स्टेशनजवळचं अकरा खोल्यांचं लॉज वडिलांनंतर नुकतंच त्याच्या हाती आलं होतं, आणि लॉजसोबत नानाही आले होते. सव्वीस वर्षं गाद्या सांभाळणारा, चादरींच्या कोठीतच झोपणारा माणूस. नाना पाहुण्याच्या तोंडाकडे पाहायचे नाहीत; मनगटाकडे, मानेकडे पाहायचे. पाहुण्यानं बॅग पलंगावर टेकवायच्या आत ती उचलून खुंटीला लावायचे. खोली रिकामी झाली की जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा गादीच्या शिवणीतून ओढायचे आणि त्याची कड उजेडात धरायचे. वैशाखात लोखंडी खाटा गच्चीवर नेऊन त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे.

त्या खाटा योगेंद्रनं भंगारात दिल्या. प्लायवूडचे पेटीपलंग आणले, उशाच्या फळ्या भिंतीत स्क्रूनं बसवल्या, गाद्यांना चेनची पांढरी कव्हरं घातली.

"आता किडा आत शिरेल कुठून, नाना?"

नानांनी फळीवर बोटानं टकटक केलं. "खाट ऊनमा लई जाता येस, भाऊ. हाई भितले ठोकेल पेटी कशी लई जाऊ?"

एका गुरुवारी पाच नंबरमधल्या औषधविक्रेत्यानं बाही वर सारून दंड काउंटरवर ठेवला. एका ओळीत तीन लाल फोड. "फोटो टाकू नेटवर?" एवढंच विचारून तो गेला. शनिवारी धुळ्याचं वऱ्हाड उतरणार होतं; अकराच्या अकरा खोल्या त्यांच्या.

योगेंद्रनं स्वतः कव्हरची चेन उघडली. गादी कोरी. मग आलं कुठून?

"मी आपलं सांगस, माले काय," चादरी धुणारी भिकुबाई दारातून म्हणाली. "नाना सोमवारे शिंदखेडाथून उना. बहिणीघरथून. वळकटी लईसन."

योगेंद्र खुर्चीत बसला आणि त्याला एकेक आठवू लागलं. नाना आपलं अंथरूण कधी धुवायला टाकत नाहीत. परवा जिन्यात मान खाजवत होते. पलंग आले त्या दिवसापासून त्यांचं तोंड वाकडं. एखादा माणूस आपलंच म्हणणं खरं करून दाखवायला काय काय करील? हा विचार मनात आला तेव्हा तो दचकला, पण त्यानं तो हाकललाही नाही.

"नाना, वळकटी सोडा जरा."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. "मनी?"

"तुमचीच. पाहुण्यांच्या बॅगा बघता ना तुम्ही?"

खोल्यांमधल्या बोळात पांढरी चादर अंथरली गेली. नानांनी गोधडी उलगडली, खिशातून तोच पुठ्ठा काढला आणि कडेपासून सुरुवात केली. दुसऱ्याची असावी तशी ते ती तपासत होते. घाई नाही, सवलत नाही. दर हातभर झाला की पुठ्ठ्याची कड योगेंद्रच्या डोळ्यांसमोर धरायचे. शेवटी चादरीवर उरला तो थोडा कापूस.

इथं थांबता आलं असतं. पण भिकुबाई बघत होती, आणि योगेंद्रला मागे सरायचं नव्हतं.

"सदरा?"

नानांनी बटणं सोडली. सदरा चादरीवर तीनदा झटकला, कॉलर उलटी करून दाखवली. त्यांच्या छातीवरचे पांढरे केस बघताना योगेंद्रला आपण भलतंच काहीतरी उघडलं असं वाटलं. चादर कोरीच होती.

तसेच उघड्या अंगानं नाना पाच नंबरमध्ये गेले. पान्हे ठेवायच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर घेऊन उशाची फळी सोडवू लागले. चौथा स्क्रू निघाला आणि फळी भिंतीपासून सुटली. मागच्या बाजूला काळे ठिपके दाट शिंपडलेले होते, आणि उजेड पडताच त्या ठिपक्यांतले काही चालू लागले.

"अगं माय," भिकुबाई म्हणाली.

योगेंद्रच्या डोळ्यांपुढे तशाच आणखी दहा फळ्या आल्या. मधे एकच दिवस.

"नाना, सगळ्या सोडवाव्या लागतील. तुम्ही म्हणत होता तसं पाणी... नाना?"

नानांनी सदरा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. गोधडीची घडी केली, वळकटी दोरीनं आवळली. ती खांद्याला लावून ते बोळातून आले तशी भिकुबाईनं पदर ओढून अंग भिंतीकडे चोरलं. ते तिच्या शेजारून पुढे गेले, जिना उतरले आणि रस्त्यावरच्या उन्हात बाहेर पडले.