चाटून दाखवा

"मग चाटून दाखवा की, ताई."

कार्यक्रम चालवणारा साहेब असं म्हणाला. माईकमधून म्हणाला. भिवंडीतलाच हॉल. पुढच्या रांगेत बँकेची माणसं, संस्थेच्या बाया, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. मागं कापडी बोर्ड, त्यावर मोठ्या अक्षरात हवामान आणि उद्योजक असं काहीतरी. आणि टेबलापाशी उभी माझी बायको, हिरा. माती चाखून कुठलं बी लागेल ते सांगते, एवढंच म्हणाली होती ती. हातात केळीच्या पानात बांधलेले मातीचे दोन गोळे. पायात चप्पल नाही. देवळात शिरताना काढतात तशी दाराशी काढून आली होती.

तिनं एक गोळा सोडला. बोटावर माती घेतली. जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

हॉल हसला. एकानं मोबाईल वर करून फोटो काढला.

मी पण हसलो.

हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. लूमच्या खटखटाटानं माझे कान गेलेत. पुढं कितीदा मी लोकांना सांगितलं, मला साहेब काय म्हणाला ते ऐकूच आलं नाही, सगळे हसले म्हणून हसलो. खोटं आहे. ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. भिवंडीच्या निजामपुऱ्यात तीस वर्षं कापडाचा लूम चालवला. शेठ हसला की हसायचं, शेठ गप्प झाला की गप्प व्हायचं. ती सवय अंगात मुरलेली. बायकोचा अपमान होत असतानासुद्धा ती सवय कामाला आली.

आमचं गाव खाडीकाठाला. थोडं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी लागून खारी झालेली जमीन. मी शिफ्टला जायचो, शेत हिराच बघायची. आमच्याकडं बांध घालून खाडी अडवतात आणि खाऱ्या चिखलात भात पेरतात. ते भात साधं नसतं. हिराकडं दोन बियाणी होती, आईकडून आलेली. एक पांढरं, थोड्या खारीला. एक लाल, उंच काडीचं, लई खारीला. दुकानातल्या पिशव्या आल्या तशी गावानं ती बियाणी सोडली. हिरानं सोडली नाहीत. मीच तिला म्हणायचो, "कशाला गो ती जुनी कटकट?"

मग तो पूर आला. इकडच्या सगळ्यांना आठवतो तो. वरून पाऊस, खालून भरती. पूर्णा गावाच्या अंगाला गोदामं उठली होती, त्यासाठी भराव टाकला होता, नाले बुजले होते. पाण्यानं जायचं कुठं? आमच्या शेतात आलं. बांध फुटला आणि खारं पाणी दिवसच्या दिवस उभं राहिलं. गावाचं भात काळं पडून कुजलं. हिराचं लाल भात उभं होतं. उन्हात चिखल तडकला तरी उभं होतं.

पुढच्या हंगामाला खाडीकाठच्या गावांतून बाया यायला लागल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत आपल्या शेताची माती. हिरा माती जिभेवर ठेवायची आणि सांगायची, "पांढरं ने." नाहीतर, "तुजं लाल." चुकायची नाही.

तेव्हा तिच्या डोक्यात आलं. बियाणं जास्त करायचं, विकायचं, धंदा करायचा. त्याला उंच जोत्यावर कोठार पाहिजे, म्हणजे पुन्हा पूर आला तर बी भिजणार नाही. भरती आता पहिल्यापेक्षा वर चढते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बांधावरच्या दगडांना शेवाळ कुठवर येतं ते ती बघायची. तेवढ्यासाठी ती त्या हॉलात गेली. कर्ज मागत होती. भीक नव्हे.

बँकेच्या माणसानं विचारलं, "तुमच्या नावावर काय आहे?"

"बी," ती म्हणाली.

पुन्हा हसले. बँकवाला म्हणाला, "आजी, हे मदतीत बसतं. धंद्यात बसत नाही."

मग मदत दिली. चादर एक, बादली एक. सही करायला कागद पुढं केला. हिरा चौथी शिकलेली, माझ्यापेक्षा एक यत्ता जास्त. बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "लाभार्थी म्हंजे कोन?"

संस्थेची बाई गोड आवाजात म्हणाली, "ज्यांना फायदा मिळतो ते, मावशी."

"मंग ते तुमी," हिरा म्हणाली. सही न करता चादर, बादली तिथंच ठेवली.

पण जाता जाता साहेबानं विचारलं, थोडं बी मिळेल का, तपासायला. आणि तिनं दिलं. दाखवायला पदरात बांधून आणलेली दोन्ही बियाणी, ओटीत घालावं तसं दिलं. आमच्यात पेरणीच्या दिवसांत बी मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. वैऱ्यालासुद्धा नाही म्हणत नाहीत. ती रीत आमच्या लोकांसाठी होती. बी मागतो तो पेरणारच, हे धरून ती रीत केलेली. बी मागून कागद पेरणारी जात तेव्हा आमच्या आज्यापणज्यांनी बघितली नव्हती.

गावात उतरलो. बांधावरून चालताना ती म्हणाली, "तुमी पन हसलात."

"सगळेच हसले गो."

"त्यांचं मी धरत न्हाय. त्यांनी माजा भात खाल्लेला न्हाय."

ती खाली वाकली, चिखल उचलला, माझ्या तळहातावर ठेवला.

"चाटा."

"येडी का तू?"

"चाटा."

चाटली. म्हटलं, "खारट हाय."

"कती?"

"खारट."

"चाळीस वरसं खाताय नि कती ते सांगता येत न्हाय. नि हसाय येतं."

त्या बांधावर मला माझी लाज कळली. साहेबाची नाही, माझी. साहेब परका होता. त्यानं तिला मूर्ख समजणं हे त्याच्या पगारात बसतं. मी तिच्या बियाण्यावर पोट भरलं आणि शेठच्या बाजूला उभा राहिलो.

लूम सुटलाच होता तोवर. मी तिच्या हाताखाली शिकायला लागलो, साठी उलटल्यावर. "आदी टोकाला ठेवा. मंग गालात. थुकू नका लगीच." ती म्हणायची, माती डोळ्यातल्या आसवासारखी लागली तर पांढरं बी, सुकटीसारखी लागली तर लाल. चुकलो की हसायची. "तुमच्या जिभंला बिडीनं खाल्लं," म्हणायची. मी बिडी सोडली. डॉक्टरनं सांगून सोडली नव्हती.

दोन वर्षांनी ती गेली. पोटात दुखतं म्हणाली, ठाण्याला नेली, परत आणली ती तशीच. पेरणीच्या तोंडावर गेली. मोड आणायला भिजवलेलं बी घरात होतं. लोक मातीवरून आले आणि मी ते बी उपसून शेतात फेकून पेरायला गेलो. पोरी ओरडल्या, बाबा, आज तरी. आज नाही तर उद्या ते आंबलं असतं. तिनंच आधी शिव्या दिल्या असत्या. त्या दिवसापासून आसवाची चव मला कुणी शिकवायला लागत नाही.

पुढच्या वर्षी आमच्या बांधापाशी जीप आली. तोच साहेब, आता कुठल्याशा कंपनीचा सल्लागार. बरोबर चकचकीत बुटांचा एक तरुण, कंपनी त्याची. एक फोटोवाला. तरुणानं पिशवी दाखवली. प्लॅस्टिकची, वर हिरवं शेत छापलेलं आणि लिहिलेलं, खाऱ्या जमिनीचं बियाणं. मी दात लावून दाणा फोडला. हिराचा दाणा. लाल आणि पांढरं एकत्र मिसळलेलं.

"आम्हाला मोठा निधी मिळालाय, काका," तरुण म्हणाला. "हवामानाच्या संकटातल्या लोकांसाठी. प्रेरणा काकूंचीच. पिशवीवर त्यांचा फोटो टाकायचा आहे. कार्यक्रमात तुमचा सत्कार करू, शाल देऊ. फक्त इथं सही."

साहेब जरा घुटमळून म्हणाला, "आणि एक अडचण आहे. दोनतीन गावांत उगवण नीट झाली नाही. कुठल्या जमिनीला कुठलं लागतं, ते तुम्हाला माहीत असेल."

म्हणजे हिरा उभी होती तेव्हा धंदा नव्हता. ती मेली तेव्हा धंदा झाला. तिचं बी पाहिजे, तिचा चेहरा पाहिजे, आणि आता तिची जीभ पण पाहिजे. ज्या बायांची पेर वाया गेली त्यांचं वर्ष गेलं, ते यांच्या तोंडी अडचण.

मी कागद वाचला. सहीच्या वर तोच शब्द. लाभार्थी.

मी म्हटलं, "साहेब, बूट काढा."

"काय?"

"बूट काढा. खाली उतरा. तिथला चिखल घ्या. चाटून दाखवा."

फोटोवाल्याला हसू आलं, मग त्यानं साहेबाकडं बघितलं आणि गिळलं. ती सवय मी ओळखली.

साहेब म्हणाला, "काका, मस्करी करताय."

"न्हाय. मस्करी तुमी केली होती. मी इचारतोय. चाटून सांगा, लाल का पांढरं. सांगितलंत तर फोटो पन न्या, सही पन न्या."

तो बांधावरच उभा राहिला. बुटाला चिखल लागला म्हणून गवताला पुसला. तरुण म्हणाला, "काका, इतका राग बरा नाही. तुमचाच फायदा आहे."

"मंग तो तुमच्याकडंच ठेवा," मी म्हटलं. "बी नेलंत, तिनं दिलं म्हनून. फोटो मी देनार न्हाय. नि जीभ मागून मिळत न्हाय."

जीप गेली. कागद माझ्या हातात राहिला, परत मागायचं भान त्यांना नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारत विचारत मी त्या गावांना गेलो. पेर गेलेल्या बायांच्या शेतात उतरलो, माती जिभेवर ठेवली, जिचं लाल तिला लाल सांगितलं, जिचं पांढरं तिला पांढरं. बी घरून दिलं. एकीला म्हटलं, ऐकून जाऊ नको, चाख, तुझ्या सुनेलाही चाखव. कुणी हसलं नाही.

कोठाराचं जोतं मी घालतोय. पुराचं पाणी भिंतीवर जिथवर आलं होतं तिथं हिरानं विळ्यानं खूण केली होती. त्या खुणेच्या वर हातभर. दगड मीच वाहतो. बँकेला यायचं असेल तर यावं, कर्ज द्यावं, मी फेडीन. पण चप्पल दाराशी काढून यावं. आमच्या दाराशी.

तो कागद मी कोठारासाठी करून ठेवलेल्या चौकटीला खिळ्यानं ठोकलाय. लाभार्थी हा शब्द खोडलाय. खाली माझ्या अक्षरात, तिसरीतल्या, लिहिलंय:

हिराबाय, बियाणंवाली. मयत. धंदा चालू हाय.