राणीचा झगा

आमच्या गावच्या जत्रेत ऐतिहासिक नाटक व्हायचं आणि राणीचं काम माझे मोठे दीर करायचे. बायका स्टेजवर जायच्या नाहीत. राणीचा झगा मी शिवला होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. घरात मशीन नव्हती, सगळी शिलाई हाताची. मोठ्या दिरांपुढं पदर ओढून उभं राहायचं, त्यांच्या अंगाला टेप लावणं तर दूरच. म्हणून मी दोरीवर वाळत असलेला सदरा मोजला. तो निघाला सासऱ्यांचा. झगा खांद्यात इतका ढगळ झाला, की राणी दरबारात आली की लोक म्हणायचे, "आली बघा, पोतं पांघरून." तरी दिरांनी कैक जत्रांना तोच घातला. मग नाटक बंद पडलं आणि झगा ट्रंकेत गेला.

यंदा माझ्या मुलीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये राणीचं काम मिळालं. ती आठवीत आहे. बाई म्हणाल्या, नांदेडहून भाड्यानं ड्रेस आणू. मी म्हणाले, घरी आहे.

अंगणात चटई टाकून मी झगा उसवायला बसले. मखमल बगलेत विरली होती, पण झग्याला लावलेले माझ्या शालूचे काठ जसेच्या तसे होते. एक बाही निघाली तेवढ्यात दीर आले. ते माझ्याशी थेट कधीच बोलत नाहीत. मुलीला म्हणाले, "तुझ्या मायला सांग, झगा हाय तसा ठेव म्हणावं. अन् आपल्या घरची पोरगी स्टेजवर नाचणार न्हाई."

"नाचायचं न्हाई मोठे बाबा, राणीचं भाषण हाय."

"तेच ते. गाव हसंल. चौथी शिकलेल्या बाईला काय कळतंय?"

मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, सगळं ऐकत होते. तरी मुलगी निरोप सांगावा की नाही म्हणून माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं असे निरोप आले आणि मी मान हलवली. त्या दिवशी मान हलली नाही.

"तिला कशाला सांगता? मी इथंच बसून राहिले की," मी म्हणाले. आवाज बारीकच निघाला. "तुम्ही पावडर लावून राणी झालात, तवा गाव हसलं न्हाई का?"

"लई हसलं," दारातून जाऊबाई म्हणाल्या. "मी बी हसले."

दीर म्हणाले, "माझा झगा हाय तो." हे मात्र ते मला म्हणाले.

"शिवला मी," म्हणत मी खांद्यात कात्री घातली. काप थोडा वाकडा गेला. तो नंतर मगजीच्या पट्टीखाली घेतला.

चार दिवस लागले. मुखेडच्या बाजारातून नवं अस्तर आणलं. खांदे आत घेतले, कमरेला टक घातले, विरलेल्या बगलेत शालूच्या पदराचा तुकडा जोडला.

गॅदरिंगच्या दिवशी मुलगी म्हणाली, "पिशवीत नेते. शाळेत घालते. मोठे बाबा ओट्यावर बसलेत."

"घरूनच घाल," मी म्हणाले.

ओट्यासमोरून निघालो. दिरांनी पेपर तोंडापुढं धरला. शेजारच्या बायका दारात आल्या.

"माय, घेर धुळीत लोळतोय," मुलगी कुजबुजली.

"लोळू दे, धुता येतो. हळू चाल. लोकांना दिसू दे."