ईटच्या तळ्याकाठची निर्गुडी

आमच्या शेताची वाट तळ्याच्या काठावरून जाते आणि तो काठ दर पावसाळ्यात ढासळतो. आता बैलगाडीपुरतीच जागा उरली आहे. माती धरावी म्हणून गेल्या वर्षी मी निर्गुडी लावली होती. पण कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या घरी बाळंतीण असते. शेकायला, अंघोळीच्या पाण्यात टाकायला पाला लागतोच. ओरबाडून ओरबाडून रोपं वाळली. भूमकडच्या ईट गावाजवळ एका तळ्यावर निर्गुडी छान टिकली आहे असं कळलं, म्हणून निघालो.

परंड्याहून भूमला जायला सकाळची एसटीच धरा. भूमला उतरल्यावर खव्याचे पेढे घ्या. पुढं ईटची जीप भरल्याशिवाय हलत नाही. पाण्याची बाटली जवळ असू द्या.

तळं गावापासून चालत जाण्याएवढंच लांब. काठावर डोक्यापेक्षा उंच निर्गुडी, निळसर जांभळ्या तुऱ्यांनी लगडलेली आणि मधमाश्यांनी गजबजलेली. खाली मुळ्यांनी माती आवळून धरली होती. शेजारीच तिथल्या शकूरचाचांचं कारळ्याचं पिवळंधमक रान. माश्या इकडून तिकडं ये-जा करत होत्या. काठावरची ही झाडं चाचांनीच लावली आहेत; ते रानातच भेटले.

"चाचा, इथं लोक पाला नेत नाहीत का?"

"न्हेतात की! माझी बायकोच लई न्हेते," चाचा हसले. "रस्त्याकडंला ती बुटकी झाडं दिसतात का? ती तोडायलाच लावल्यात. आधी लोकांची सोय कर बाबा, मग तळ्याची."

"तरी कुणी काठावरची तोडली तर?"

"तर काय, राखणीला बसतूस व्हय? चल, चहा पी. तोंड बघ कसं उतरलंय."

त्यांनी फांद्या ओल्या पोत्यात बांधून दिल्या. परतीच्या जीपमध्ये एका आजींनी पोतं हुंगून विचारलं, "एवढ्या पाल्यानं कुणाला शेकायचंय रं, हत्तीला?" सगळी जीप हसली. मीही हसलो, पण पोतं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी आल्यावर आधी हापशाजवळ, रस्त्यालगत फांद्या लावल्या, उरलेल्या काठावर. दोन्हीकडं फुटवे आलेत. काठ टिकेल की नाही, हे पुढचा पावसाळाच सांगेल. तोवर मी रोज सकाळी बघायला जातो. परवा हापशाजवळची झाडं निम्मी बोडकी दिसली. मी तसाच तळ्याकडं धावलो. मागून शेजारच्या सखूकाकूंनी हाक मारली, "आरं, पळतूस कुठं? म्या हितलीच तोडली. तळ्याकडची न्हाय. ती वाढू दे की."