पुसलेला फोटो

"तुये काका गेले वं पोरी..." वानखडे काका गेल्याचं काकूंनी जऊळक्याहून फोन करून एवढ्याच शब्दांत सांगितलं. मी वाशीमच्या कोर्टात वकिली करते. तेव्हा व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत उभी होते. आज पाच आठवडे झाले. रडून झालं, राग मात्र जात नाही.

काका आमच्या विद्यापीठाचे फोटोग्राफर. पदवीदान, उद्घाटनं, पाहुण्यांच्या गळ्यातले हार हे त्यांचं कामच होतं. पण साहेबलोक गाडीत बसून गेले की काका खरे रंगात येत. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया, ग्रंथालयाच्या पायरीवर डबा खाणारी पोरं, निकाल पाहून भिंतीला टेकलेली एखादी मुलगी... मी मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची, आईबाप दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. हॉस्टेलवर आले त्याच आठवड्यात काकांनी माझा फोटो काढला आणि प्रिंट हातात देत म्हणाले, "घरी धाड. पोरगी कुठी राह्यते ते मायबापाले दिसू दे."

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मुलींच्या हॉस्टेलचं पाणी बंद झालं. चार दिवस अर्ज दिले, कोणी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. घोषणा नाहीत, दगड नाही, नुसत्या बसलो. काकांनी आमचे फोटो काढले. दुपारी एका बड्या अधिकाऱ्यानं त्यांना बोलावलं आणि फोटोतल्या प्रत्येक मुलीचं नाव लिहून मागितलं. आम्हाला हॉस्टेलातून काढायचं ठरलं होतं. काकांना आमची नावंच काय, गावंही पाठ होती. हॉस्टेल सुटलं असतं तर माझ्या हातात कोयताच आला असता, हेही त्यांना ठाऊक होतं. आत काय घडलं ते दारावरच्या शिपायानं नंतर आम्हाला सांगितलं.

"साहेब, त्या पाणी मांगून राह्यल्या. चोरी नाही करून राह्यल्या," काका म्हणाले.

"नावं नसतील द्यायची तर कॅमेरा ठेवा इथं. तो विद्यापीठाचा आहे."

काकांनी तिथंच, साहेबांच्या डोळ्यांदेखत, एकेक फोटो पुसला. मग कॅमेरा टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आमच्यापैकी एकीलाही हॉस्टेल सोडावं लागलं नाही. काकांना मात्र गोदामात बसवलं, मोडक्या बाकांची राखण करायला, ते थेट निवृत्तीपर्यंत! फोटो काढणाऱ्या माणसाच्या हाती पुन्हा कॅमेरा दिला नाही. पुढं जऊळक्याला त्यांना भेटायला गेले तेव्हा मी म्हटलं, "काका, आमच्यापायी तुमचं वाटोळं झालं." ते म्हणाले, "गोदामाचं काही नाही वं. पण तसा फोटो मले पुन्हा भेटला नाही..." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

विद्यापीठानं शोकसभा घेतली. काकू गेल्या नाहीत, मी गेले. व्यासपीठावर तोच अधिकारी, आता निवृत्त, प्रमुख पाहुणा म्हणून. मागं काकांचे फोटो लावलेले, सगळे हारांचे आणि फितींचे. साहेब म्हणाले, "वानखडेंनी विद्यापीठाचा एकही क्षण निसटू दिला नाही. शेवटी प्रकृतीमुळे आम्ही त्यांना हलकं काम दिलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रकृती? कोणाची प्रकृती? मी उठले.

"एक क्षण इथं नाही साहेब. तो त्यांनी तुमच्यासमोर पुसला. काहून पुसला ते सांगा लोकांले!"

साहेब पाण्याचा ग्लास उचलून पिऊ लागले. सूत्रसंचालकानं घाईघाईनं दोन मिनिटांचं मौन जाहीर केलं. सगळेच उभे राहिले, आणि माझं उभं राहणं त्यात बुडून गेलं.

त्याच रविवारी जऊळक्याला गेले. काकांच्या खोलीत बसून काकूंना हे सगळं सांगताना माझा आवाज चढत गेला. त्या फोटोचा पुरावासुद्धा उरला नाही, असं मी म्हणाले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मले पाठ हाय तो. वरच्या पायरीवर लाल ओढणीची पोरगी, बादली मांडीवर. तिच्या बाजूले चष्मेवाली. तू खालून दुसऱ्या पायरीवर, कपायाले हात लावून."

"तुम्ही पाहिला होता?"

"मी कुठी पाह्यला! ते सांगत ना मले, जेवतानी. एवढी वर्सं."

लाल ओढणी मी पार विसरले होते. काकू एकेक पायरी सांगत गेल्या आणि मी त्यांना त्या पायरीवरच्या पोरींची नावं सांगत गेले.